तांबे, चीक आणि आकडे

रत्नागिरीतील आमचे एक स्नेही निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत. नाट्यसंगीताचे दर्दी. जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील पदे त्यांनी वर्षानुवर्षे खपून संगणकात उतरवून ठेवली आहेत. ती निवांत ऐकता यावीत म्हणून गेल्या पावसाळ्यात त्यांनी घरी नीटशी व्यवस्था करायचे ठरवले. संगणक होता, ऍम्प्लिफायर होता, दोन स्पीकर होते. संगणकातील आकड्यांचे पुन्हा विद्युतलहरींत रूपांतर करणारी ‘डॅक’ नावाची लहानशी पेटीही आली. राहिली होती ती संगणक आणि पेटी यांना जोडणारी हात-दीड हात लांबीची यूएसबी केबल, आणि तिथेच घोडे अडले.

दुकानदाराने तीन केबल्स पुढे ठेवल्या. पहिली दीडशे रुपयांची, दुसरी हजाराची आणि तिसरी मखमली पेटीतली, सोन्याचा मुलामा दिलेली, नऊ हजारांची. तिच्या वेष्टनावर ‘शुद्ध तांबे’, ‘ऊबदार, मोकळा आवाज’ असे बरेच काही छापलेले होते. दुकानदार सज्जन, त्याने तिन्ही केबल्स आठवडाभर घरी नेऊन पाहायला दिल्या. आम्ही सुटीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या तिन्ही टेबलावर मांडून ते म्हणाले, “अहो, तुम्ही विज्ञानवाले. यातली कोणती घेऊ तेवढे सांगा. नऊ हजार म्हणजे पेन्शनीतून जरा जडच आहेत. पण आवाजात खरोखर फरक पडत असेल तर घेईन.”

आम्ही तिन्ही केबल्सवर तेच पद ऐकले. खरे सांगायचे तर महागड्या केबलवर ऑर्गनचे सूर आम्हांला अधिक भरीव वाटले! प्रश्न साधा वाटला होता. पण उत्तर द्यायचे तर आधी ‘चांगली केबल म्हणजे काय’ हे ठरवायला हवे. आणि हा प्रश्न यूएसबीपेक्षा फार जुना आहे. तो माणसांनी पहिल्यांदा विचारला तेव्हा लक्षावधी पौंड समुद्राच्या तळाशी गेले होते. ती हकीकत आधी पाहू.

चिकूच्या कुळातले झाड

भारतात तारायंत्राचे पहिले प्रयोग केले ते विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने. ते कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. १८३९ मध्ये त्यांनी हुगळी नदीच्या पाण्याखालून तार नेली. उघडी तार पाण्यात टाकली तर वीज पाण्यातच झिरपून जाणार. म्हणून त्यांनी तारेला डांबर फासले, ती चिरलेल्या वेतात घातली आणि वरून डांबरात भिजवलेली दोरी गुंडाळली. खटपट मोठी कल्पक. पण नदीपुरती ठीक. समुद्र ओलांडायला याहून चांगले रोधक आवरण हवे होते.

ते मिळाले एका झाडाच्या चिकात. मलाया द्वीपकल्पात ‘गटापर्चा’ नावाचा चीक देणारी झाडे होती. ही झाडे आपल्या चिकू आणि बकुळीच्याच कुळातली. कच्चा चिकू तोडल्यावर देठातून पांढरा चीक येतो तो कोकणातल्या मुलांना सांगायला नको. गटापर्चा गरम पाण्यात मऊ होतो, हवा तसा वळतो आणि गार झाला की घट्ट बसतो. समुद्राच्या थंडगार पाण्यात तो वर्षानुवर्षे टिकतो. १८४३ च्या सुमारास सिंगापूरहून त्याचे नमुने इंग्लंडमध्ये पोचले आणि १८४८ मध्ये मायकेल फॅरडे यांनी तो उत्तम विद्युतरोधक असल्याचे दाखवून दिले. समुद्राखालच्या तारांचा मार्ग मोकळा झाला. पुढे या एका गरजेपायी मलायातील रानेच्या राने तोडली गेली, ही त्या प्रगतीची दुसरी बाजू.

सोळा तास, अठ्ठ्याण्णव शब्द

लवकरच एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. खांबांवरून जाणाऱ्या तारेत टकटक स्पष्ट उमटे. पण तीच तार गटापर्चात गुंडाळून पाण्याखाली घातली की संदेश जणू वितळून जात. एका टोकाला दिलेला चटकन् संपणारा ठोका दुसऱ्या टोकाला सावकाश चढणाऱ्या आणि सावकाश ओसरणाऱ्या लाटेसारखा पोचे. दोन ठोके जवळ आले की एकमेकांत मिसळत.

याचे कारण फॅरडे यांनी १८५४ मध्ये सांगितले. मधली तांब्याची तार ही एक पट्टी, बाहेरचे समुद्राचे पाणी ही दुसरी पट्टी आणि दोहोंमध्ये रोधक आवरण: म्हणजे आपण प्रयोगशाळेत पाहतो ते धारित्रच, फक्त शेकडो मैल लांबीचे! पलीकडच्या टोकाला काही पोचण्याआधी हे धारित्र भरावे लागते.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले) यांनी याचे गणित मांडले. केबलची लांबी दुप्पट केली तर तारेचा रोध दुप्पट होतो आणि धारकताही दुप्पट होते. म्हणून संदेशाला होणारा विलंब दुप्पट नव्हे, चौपट होतो. लांबी दसपट, तर विलंब शंभरपट. उपाय दोनच: तांबे जाड घ्या आणि आवरणही जाड घ्या.

अटलांटिक महासागराखालून केबल टाकणाऱ्या कंपनीचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. तेही पेशाने डॉक्टर. त्यांना हा वर्गाचा नियम पटला नाही. १८५६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी आपल्या प्रयोगांच्या आधारे त्याला जाहीर विरोध केला. व्हाइटहाउस प्रयोग करत नव्हते असे नाही, हे लक्षात ठेवायला हवे. पण आपण नेमके काय मोजतो आहोत आणि त्यावरून दोन हजार मैलांच्या केबलबद्दल काय म्हणता येईल, हे त्यांच्या प्रयोगांतून ठरत नव्हते.

केबल घाईने तयार झाली. मैलामागे १०७ पौंड तांबे आणि २६१ पौंड गटापर्चा, म्हणजे थॉमसन यांच्या हिशेबाने बारीकच. काही भाग उघड्यावर, उन्हात पडून राहिला आणि आवरण मऊ झाले. ५ ऑगस्ट १८५८ रोजी दोन्ही खंड जोडले गेले आणि मोठा जल्लोष झाला. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पाठवायला सुमारे १६ तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे! संदेश नीट जात नाहीत हे पाहून व्हाइटहाउस यांनी मोठाली वेटोळी वापरून सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. आधीच दुबळे असलेले आवरण आणखी खचले. महिना उलटतो न उलटतो तोच केबल मुकी झाली.

पुढचा फटका भारताच्या वाटेवर बसला. १८५७ च्या उठावानंतर लंडनला हिंदुस्थानशी तातडीने तारसंपर्क हवा होता. १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकली गेली. तिचे एकेक तुकडे थोड्याच काळात निकामी झाले. खर्च झाला होता सुमारे आठ लाख पौंड, आणि सरकारने भागधारकांना परताव्याची हमी देऊन ठेवलेली. न चालणाऱ्या केबलपोटी दरसाल ३६,००० पौंड पुढची कित्येक दशके मोजावे लागले.

मोजपट्टीचा जन्म

आता मात्र चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १८६१ मध्ये आला. तोवर जगात टाकलेल्या सुमारे ११,३०० मैल केबलपैकी जेमतेम ३,००० मैल केबल चालू होती. समितीचा निष्कर्ष असा की ही अपयशे दैवाची नव्हेत. आधी पद्धतशीर तपासणी केली असती तर ती टळली असती.

पण तपासायचे कशाने? ‘हे तांबे चांगले’ असे म्हणायला मोजमापच नव्हते. थॉमसन यांनी १८५७ मध्ये बाजारातल्या तांब्याच्या तारांचे नमुने तपासले, तेव्हा दिसायला सारख्या असलेल्या तारांच्या वाहकतेत खूप तफावत आढळली. तांब्यातली किंचितशी भेसळही तिला कारण होती. ‘शुद्ध तांबे’ ही आजच्या वेष्टनांवरची जाहिरात आपल्याला पोकळ वाटते. पण मुळात तो एका खऱ्या शोधाचा वारसा आहे. दोन हजार मैल लांबीच्या तारेत तांब्याची शुद्धता म्हणजे कंपनीचे जीवनमरण होते. दोन हातांच्या तारेत ती तितकी महत्त्वाची आहे का, हा वेगळा प्रश्न.

याच निकडीतून ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये विद्युत एककांसाठी समिती स्थापन केली आणि १८६५ मध्ये रोधाचे प्रमाणित नमुने उपलब्ध झाले. नववी-दहावीच्या वर्गात आपण ज्याला ‘ओहम’ म्हणतो त्या एककाच्या जन्माला फसलेल्या केबल्सचा असा हातभार लागला आहे.

मोजून केलेली केबल यशस्वी झाली. १८६६ च्या अटलांटिक केबलमध्ये मैलामागे ३०० पौंड तांबे आणि ४०० पौंड गटापर्चा होता. ती टाकणारे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज पुढे मुंबईला आले. उन्हाने गटापर्चा मऊ पडू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. १८७० मध्ये त्याने मुंबई ते एडन केबल टाकली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई समुद्राखालून लंडनला जोडली गेली. ज्या तारसेवेची सुरुवात अशी झाली ती आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

चित्र पाठवायचे की आकडे?

इथपर्यंत तारेतून जाई तो लहरीचा आकार. नंतर आलेल्या टेलिफोनमध्ये तर आवाजाच्या लहरीचीच हुबेहूब प्रतिमा तारेतून धावे. वाटेत ती जितकी चेपेल, पसरेल, तितका आवाज बदलेल. तिथे केबलचा प्रत्येक गुणदोष ऐकू येणारच.

अलेक रीव्ह्ज या अभियंत्याने १९३७-३८ मध्ये निराळाच विचार केला. लहर पाठवायचीच नाही. ठरावीक क्षणांनी तिची उंची मोजायची आणि ते आकडे शून्य-एकच्या रूपात पाठवायचे. काळाच्या मानाने ही कल्पना फार पुढची होती. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ती घरोघरी नेली. तिच्यात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा उंची मोजलेली असते, प्रत्येक माप १६ अंकांचे, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० अंक होतात.

या बदलाने काय झाले ते वर्गात करून पाहता येते. दहा विद्यार्थी ओळीने बसवावेत. पहिल्याला एक वळणदार रेषा दहा सेकंद दाखवावी. त्याने ती आठवणीने काढून दुसऱ्याला दाखवावी, दुसऱ्याने तिसऱ्याला. दहाव्याची रेषा पहिल्याला ओळखूही येणार नाही. आता तीच रेषा आलेखाच्या कागदावर काढून तिच्या आठ ठिकाणच्या उंचीचे आकडे चिठ्ठीवर लिहावेत आणि प्रत्येकाने ते उतरवून पुढे द्यावेत. दहाव्या विद्यार्थ्याने त्यावरून काढलेला आलेख पहिल्यासारखाच येईल. कोणाचे अक्षर किरटे असो वा मोत्यासारखे. ‘७’ हा ‘७’ म्हणून वाचता आला की झाले. आणि कोणी ‘७’ चा ‘१’ केलाच तर? रेषा त्या ठिकाणी एकदम खाली कोसळेल. ती एकंदरीने ‘ऊबदार’ किंवा ‘मोकळी’ मात्र होणार नाही.

आमच्या मते सगळ्या वादाचे मर्म या प्रयोगात आहे. यूएसबी केबलमधून गाणे जात नाही, गाण्याची आकडेवारी जाते. यूएसबीची पहिली प्रमाणसंहिता सात कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये काढली. त्या कामात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, इंटेलचे अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्या पहिल्या पिढीची गती सेकंदाला १ कोटी २० लाख अंक होती, म्हणजे संगीताला तिच्या आठव्या हिश्शाहूनही कमी जागा पुरते. २००० साली आलेल्या दुसऱ्या पिढीची गती ४८ कोटी. तिथे आमच्या स्नेह्यांचे पद ०.३ टक्का रस्ता वापरते.

आकड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर पडताळणीचा एक आकडाही जातो. गुणपत्रिकेच्या तळाशी बेरीज असावी तसा. संगीत मात्र थांबून राहू शकत नाही, म्हणून चुकलेला गठ्ठा पुन्हा मागवला जात नाही. साहजिकच केबल खरोखर खराब असेल तर टक् असा आवाज येतो, खरखर होते किंवा गाणे मध्येच तुटते. दोष लपत नाही.

‘आकडे वेळेवर पोचायला नकोत का?’ अशी शंका चाणाक्ष वाचक काढतील. हवेत. पण चांगल्या डॅकमध्ये आकडे आधी साठवले जातात आणि पेटीतल्याच घड्याळाच्या ठोक्याने बाहेर काढले जातात. नळाला पाणी कसेही येवो, गच्चीवरच्या टाकीमुळे घरातली धार सारखी राहते, तसे.

केबलच्या पोटात

एक जुनी केबल आम्ही उभी चिरून पाहिली. आत चार तारा असतात. लाल आणि काळी तार ५ व्होल्टच्या वीजपुरवठ्यासाठी; हिरवी आणि पांढरी आकड्यांसाठी. या दोघींना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. बाहेरचा विद्युतगोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडचे यंत्र दोहोंतला फरक तेवढा वाचते, म्हणून गोंगाट आपोआप वजा होतो. भोवती धातूची जाळी आणि सर्वांत बाहेर मऊ वेष्टन.

इथेही रोधक आवरणाचे महत्त्व संपलेले नाही. आकड्यांच्या तारांवर बहुधा पॉलिथिलीन असते. त्यातून संकेताला एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. निर्वातात प्रकाशाला ३.३ लागतात, उरलेला विलंब पॉलिथिलीनचा. यूएसबीच्या दुसऱ्या पिढीत केबलमधील विलंब २६ नॅनोसेकंदांहून अधिक चालत नाही. यावरून लांबीची मर्यादा पाच मीटर का, हे विद्यार्थीही काढू शकतील. बाहेरचे वेष्टन बहुधा पीव्हीसीचे. पीव्हीसीची राळ बनवणारा फिनोलेक्सचा मोठा कारखाना रत्नागिरीपासून जवळच रनपारला १९९४ पासून आहे. तिथली राळ मुख्यतः नळांसाठी जाते हे खरे. पण गटापर्चाच्या चिकाची जागा घेणारा पदार्थ आमच्या स्नेह्यांच्या घरापासून काही मैलांवर तयार होतो, हे कळल्यावर त्यांना मोठी गंमत वाटली.

आता सोन्याकडे वळू. रत्नागिरीची हवा खारी आणि पावसाळाभर दमट. उघड्या धातूवर थर चढायला वेळ लागत नाही. सोने गंजत नाही, म्हणून जिथे दोन धातू टेकतात त्या आतल्या पट्ट्यांवर सोन्याचा पातळ थर असणे उपयोगाचे आहे. पण प्रमाणित, साध्या केबलमध्येही तो बहुधा असतोच. बाहेरून चमकणारे सोनेरी कवच ही केवळ शोभा.

केबलमुळे आवाज बिघडूच शकत नाही असे मात्र नाही. संगणकाच्या वीजपुरवठ्यातला गोंगाट काळ्या-लाल तारांतून डॅकमध्ये शिरू शकतो. संगणक आणि ऍम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी भूसंपर्कित असतील तर ‘हम्’ असा घुमारा येतो. त्यावर उपाय दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावणे, हा. महाग तांब्याने तो घुमारा जात नाही.

पडद्याआडची परीक्षा

हे सगळे सांगून झाल्यावर स्नेही म्हणाले, “पटते आहे. पण ऑर्गन भरीव ऐकू आला तो तुम्हांलाही!” आक्षेप रास्त होता. व्हाइटहाउसना गणिताने उत्तर देऊन भागले नव्हते. मग आम्ही परीक्षा घ्यायचे ठरवले. वहिनींनी पडद्याआड बसून नाणे उडवायचे. छाप आला तर महाग केबल, काटा आला तर दीडशेची. आम्ही दोघांनी ऐकून कागदावर लिहायचे, एकमेकांचे न पाहता. असे सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. म्हणून बारा ही उत्तीर्णतेची रेषा आधीच ठरवून टाकली.

आम्ही दोघेही नापास झालो. मजा अशी की प्रत्येक वेळी आम्हांला आपल्या उत्तराची खात्री होती. सकाळी भरीव वाटलेला ऑर्गन आमच्या डोळ्यांनी भरला होता. मखमली पेटी दिसेनाशी होताच तो साधा झाला. एवढ्यावरून कोणालाही कधीच फरक ऐकू येणार नाही असे सिद्ध होत नाही. पण नऊ हजार रुपये देण्याआधी जो पुरावा हवा तो या केबलने दिला नाही, एवढे नक्की.

स्नेह्यांनी दीडशेवाल्या दोन केबल्स घेतल्या. एक वापरायला आणि एक पावसाळ्यासाठी राखीव. घेताना तीनच गोष्टी पाहिल्या: लांबी लागेल तेवढीच, जोडणी घट्ट बसणारी, आणि केबल नुसती मोबाइल भारित करण्याची नव्हे, आकड्यांच्या तारा असलेली. उरलेले पैसे स्पीकरसाठी बाजूला ठेवले, कारण तिथे मात्र लहरीचा आकारच हलतो आणि फरक कानाला कळतो.

शिक्षक-वाचकांनी सोळा खेपांची ही परीक्षा आपल्या शाळेत अवश्य करून पाहावी. केबलच पाहिजे असे नाही. दोन कंपन्यांचे बिस्किट, दोन विहिरींचे पाणी, काहीही चालेल. मात्र रेषा आधी ठरवावी, नाणे खरोखर उडवावे आणि निकाल काय लागतो तो फळ्यावर जसाच्या तसा लिहावा. गुरुजी नापास झाले तरी.